मीटिंगच्या ‘मिनिट्स’चा घड्याळाशी संबंध काय? अर्थ, उगम आणि मराठीतला वापर

पाटीपेन्सिल (प्रश्न)

मीटिंग सुरू होताच कुणीतरी विचारतं, “मिनिट्स कोण घेतंय?” दुसऱ्या दिवशी “एमओएम (मिनिट्स ऑफ मीटिंग) आला का?” सुरू होतं. सोसायटीत याच गोष्टीला “मागील सभेचे इतिवृत्त” म्हणतात, ग्रामपंचायतीत “प्रोसिडिंग”, तर बँकेतून येणाऱ्या कागदावर “कार्यवृत्त” लिहिलेलं असतं. या शब्दाबद्दल नीट माहिती हवी आहे.

एक, सभेत मिनिटामिनिटाला काय झालं याची नोंद म्हणून ‘मिनिट्स’, असं सगळीकडे सांगतात. ते खरं आहे का?
दोन, मराठीत नेमका शब्द कोणता, आणि कुठे कोणता वापरायचा?
तीन, मराठी वाक्यात “मिनिट्स पाठवले” लिहायचं की “पाठवली”?
चार, हे लिहायचं कसं? सोसायटी आणि कंपनी, दोन्हीकडचं सांगितलंत तर बरं होईल. नेहमी कुठे चुकतं तेही सांगा.

---

धातुरूप

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मिनिटामिनिटाची नोंद हे स्पष्टीकरण चुकीचं आहे. कुठल्याही इतिवृत्तात घड्याळातली वेळ मोजक्याच ठिकाणी येते: सभा सुरू झाली तेव्हा, तहकूब झाली तर तेव्हा आणि संपली तेव्हा. घड्याळाचं मिनिट आणि सभेचे मिनिट्स हे सख्खे भाऊ आहेत, त्यांच्यात बापलेकाचं नातं नाही.

लॅटिनमध्ये ‘मिनुएरे’ म्हणजे कमी करणे, बारीक करणे. त्यावरून ‘मिनुतुस’ म्हणजे बारीक केलेला, लहान. इथून दोन वाटा फुटल्या.

एक वाट खगोलाची. साठाच्या पटीत मोजायची पद्धत बाबिलोनची. प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीने तीच घेऊन अंशाचे साठ भाग केले. मध्ययुगातल्या लॅटिन लेखकांनी साठाव्या भागाला ‘पार्स मिनुता प्रिमा’ म्हटलं, म्हणजे पहिला बारीक भाग. त्या भागाचे पुन्हा साठ केले की ‘पार्स मिनुता सेकुंदा’, दुसरा बारीक भाग. लांबलचक नावं बोलण्यात झिजली. पहिल्यातलं ‘मिनुता’ टिकलं आणि दुसऱ्यातलं ‘सेकुंदा’. तेच आपले मिनिट आणि सेकंद.

दुसरी वाट कारकुनाच्या मेजावरची. छपाईच्या आधी कुठलाही दस्त दोनदा लिहिला जायचा. आधी बारीक अक्षरात, भराभर, खाडाखोड करत कच्चं टिपण, आणि मग मोठ्या सुबक अक्षरात पक्की प्रत. बारीक अक्षरातलं ते टिपण म्हणजे ‘मिनुता’, त्याचं पूर्ण रूप ‘मिनुता स्क्रिप्तूरा’, बारीक लिखाण. मोठ्या अक्षरातली प्रत फ्रेंचमध्ये ‘आं ग्रोस’, म्हणजे ठसठशीत अक्षरात लिहिलेली. इंग्रजी कायद्याच्या भाषेत दस्त सहीसाठी अंतिम रूपात तयार करण्याला आजही ‘एन्ग्रॉस’ करणे म्हणतात, ते इथूनच. इटालियन आणि पोर्तुगीजमध्ये ‘मिनुता’ या शब्दाचा अर्थ अजून मसुदा असाच आहे. इंग्रजीत सभेच्या कामकाजाची नोंद या अर्थाने अनेकवचनी ‘मिनिट्स’ अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून रुळला.

‘मिनिट्स’ शब्दात कच्चेपणा आहे तो असा. सभेनंतर हातात येतो तो मसुदा असतो. तो तपासला जातो, कायम होतो, त्यावर सही होते, आणि तेव्हा कुठे त्याला पुराव्याचं वजन येतं. शब्दातली ही दोन पावलं कामाच्या पद्धतीत आजही जशीच्या तशी टिकली आहेत.

आपला ‘मसुदा’ही पाहण्यासारखा आहे. तो फारसीतून आला, मूळ अरबी, आणि मूळ अर्थ ‘काळं केलेलं’. खाडाखोडीने काळा झालेला कागद तो मसुदा. त्याची स्वच्छ प्रत म्हणजे अरबीत ‘पांढरी केलेली’. युरोपातल्या कारकुनाने फरक लहान-मोठ्या अक्षरांत पाहिला, अरबी लेखनिकाने काळ्या-पांढऱ्यात, आणि आपण त्याला कच्चं-पक्कं म्हणतो.

सभेतलं ‘सेकंड करणं’ आणि घड्याळातला सेकंदही एकाच मुळाचे आहेत. लॅटिन ‘सेकुंदुस’ म्हणजे पाठोपाठ येणारा. ठराव मांडणाऱ्याच्या पाठोपाठ जो उभा राहतो तो ‘सेकंडर’. मराठीतल्या ‘अनुमोदक’ मधल्या ‘अनु’चा अर्थही मागोमाग असाच आहे, त्यामुळे प्रतिशब्द अगदी चपखल बसला आहे.

उच्चाराचंही सांगतो. तेच स्पेलिंग विशेषण म्हणून आलं की उच्चार ‘मायन्यूट’ होतो आणि अर्थ अतिसूक्ष्म. बारीकसारीक तपशिलांना ‘मिनिट डिटेल्स’ म्हणणं चूक, ‘मायन्यूट डिटेल्स’ म्हणायचं. हॉटेलातला ‘मेन्यू’सुद्धा ‘मिनुतुस’च्याच घरातला आहे. फ्रेंचमध्ये लहान, तपशीलवार असा अर्थ, त्यावरून पदार्थांची तपशीलवार यादी.

---

नस्तीबंद

धातुरूप यांनी अनेकवचनाचं सांगितलं. एकवचनी ‘मिनिट’चा एक कार्यालयीन अर्थ राहिला, आणि त्याचा गोंधळ मराठी पुस्तकांत वारंवार दिसतो.

ब्रिटिश कारभारात ‘मिनिट’ म्हणजे एखाद्या अधिकाऱ्याने किंवा कौन्सिलच्या सदस्याने एका विषयावर लिहिलेली, फाईलवर राहणारी टिपणी. मेकॉलेने 2 फेब्रुवारी 1835 रोजी शिक्षणाविषयी लिहिलं ते अशा अर्थाचं ‘मिनिट’. ते कुठल्या सभेचं इतिवृत्त नव्हे. त्याला ‘मेकॉलेचा खलिता’ म्हणणंही बरोबर नाही. खलिता म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी रवाना केलेलं पत्र. 1854 चा वुडचा खलिता लंडनहून हिंदुस्थान सरकारला आला, तो खरा खलिता. मेकॉलेची ती टिपणी. संसदेच्या संयुक्त समितीच्या अहवालाला न पटलेले सदस्य आपलं म्हणणं लेखी जोडतात, त्याला ‘मिनिट ऑफ डिसेंट’ म्हणतात. तिथेही अर्थ टिपणीचाच आहे.

आणि मंत्र्यांच्या दौऱ्याचा ‘मिनिट टू मिनिट कार्यक्रम’ येतो, तो मात्र घड्याळाचा. 10.05 ला आगमन, 10.10 ला दीपप्रज्वलन, अशी आगाऊ आखणी. सभेच्या मिनिट्सशी त्याची सांगड घालू नये.

आता मराठी शब्द. इतिवृत्त हा महाराष्ट्रातल्या शासकीय आणि सहकारी कारभारातला रूढ शब्द आहे. इति म्हणजे असे, वृत्त म्हणजे घडलेले. असे असे घडले, बस, यापलीकडे काही नाही. संस्कृत नाट्यशास्त्रात हाच शब्द नाटकाच्या कथानकासाठी येतो आणि इतिवृत्ताला नाट्याचं शरीर म्हटलं आहे. शब्दात मत नाही, विशेषण नाही. सभेच्या नोंदीसाठी याहून चांगला शब्द सापडणं कठीण. ऱ्हस्वदीर्घ सांभाळा: ‘इतीवृत्त’ किंवा ‘ईतिवृत्त’ नव्हे.

कार्यवृत्त हिंदीतून आलेला. राष्ट्रीयीकृत बँका, रेल्वे, केंद्र सरकारची कार्यालयं यांच्या कागदांवर तो दिसतो कारण तिथे हिंदी राजभाषेचा वापर असतो. मराठीत तो चुकीचा नाही, पण महाराष्ट्रातल्या सोसायटीने किंवा संस्थेने मुद्दाम तो उचलण्याचं कारण नाही.

कार्यवाही हा वेगळा. विधानसभेत बोललेला प्रत्येक शब्द प्रतिवेदक लघुलेखनाने टिपून घेतात, ती कार्यवाही. इतिवृत्तात निर्णय असतात, कार्यवाहीत भाषणं.

अहवाल म्हणजे एखाद्या कामाचा किंवा काळाचा आढावा: वार्षिक अहवाल, चौकशी अहवाल. वृत्तांत म्हणजे वर्तमानपत्रात किंवा गृहपत्रिकेत छापायचं वर्णन. त्यात “प्रमुख पाहुण्यांनी ओघवत्या शैलीत मार्गदर्शन केले” चालेल, इतिवृत्तात नाही.

प्रोसिडिंग ग्रामपंचायतीतला रोजचा शब्द. बांधीव रजिस्टर ते प्रोसिडिंग बुक. ग्रामसभेच्या गणपूर्तीला (कोरमला) मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांतली जी संख्या कमी असेल ती लागते. म्हणून प्रोसिडिंगच्या सुरुवातीला हजेरीच्या सह्या आणि अंगठे येतात. गणपूर्तीसाठी सभा तहकूब झाली असेल तर तेही तिथेच लिहायचं.

या कुळातले बाकीचे शब्द आपल्याकडे पक्के आहेत आणि ते वापरावेत: अजेंड्याला विषयपत्रिका, कोरमला गणपूर्ती, प्रस्ताव मांडणारा तो सूचक, पाठिंबा देणारा तो अनुमोदक, दुरुस्ती सुचवली तर उपसूचना, अध्यक्षांचं जादा मत ते निर्णायक मत. ‘एनी अदर बिझनेस’साठी तर “अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय” असा नेमका प्रयोग आहे. ‘कन्फर्म करणे’ला मान्य करणे, संमत करणे असं काही लिहू नका, कायम करणे लिहा. “मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे” हा पहिल्या विषयाचा ठरलेला मजकूर आहे.

जर्मनीत काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथे सभेच्या नोंदीला ‘प्रोटोकोल’ म्हणतात. मराठी कानाला तो राजशिष्टाचार वाटतो. “प्रोटोकोल कोण लिहील?” असं विचारलं तर इतिवृत्ताबद्दल विचारलं आहे असं समजा.

---

ठरावबही

चौथा प्रश्न घेतो. आधी सोसायटी, कारण सर्वांत जास्त वाद तिथल्याच इतिवृत्तांवरून होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोण काय बोललं ते लिहीत बसणं. इतिवृत्तात काय ठरलं ते लिहायचं. अमेरिकी लष्करातले अभियंता हेन्री रॉबर्ट यांनी 1876 मध्ये सभासंचालनाचे नियम छापले, त्यातही हाच दंडक आहे: सभेने काय केलं ते नोंदवा, सदस्य काय म्हणाले ते नको. कारण व्यवहारातलं आहे. बोलणं लिहिलं की पुढच्या सभेत “मी असं म्हणालोच नव्हतो” यावर तासभर जातो आणि ठराव बाजूला पडतो.

माथ्यावर हे हवं: संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक, सभेचा प्रकार (वार्षिक सर्वसाधारण, विशेष सर्वसाधारण की व्यवस्थापक समितीची), तारीख, वार, ठिकाण, ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष सुरू झाल्याची वेळ. नोटीस कोणत्या तारखेला दिली तेही लिहा. वार्षिक सभेला 14 पूर्ण दिवसांची नोटीस लागते. पूर्ण दिवस मोजताना नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही वगळायचे. 1 तारखेला नोटीस दिली तर सभा 16 च्या आधी घेता येत नाही. इथे एका दिवसाने चुकणाऱ्या सोसायट्या पुष्कळ आहेत, आणि हरकत घेणारा नेमका इथेच बोट ठेवतो.

मग हजेरी. “बहुसंख्य सभासद उपस्थित होते” हे वाक्य निरुपयोगी आहे. एकूण सभासद किती, उपस्थित किती, गणपूर्ती किती हवी होती, हे तीन आकडे लिहा. आदर्श उपविधींप्रमाणे (मॉडेल बाय-लॉज, म्हणजे सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश किंवा 20 यांतली कमी संख्या पुरते. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब. तहकूब झाल्याची वेळ आणि पुन्हा सुरू झाल्याची वेळ दोन्ही नोंदवा. सही करून मध्येच निघून गेलेला सभासद मतदानाच्या वेळी उपस्थित धरायचा नाही. म्हणून प्रत्येक ठरावाची मतं वेगळी मोजायची.

ठरावाच्या नोंदीत हे मुद्दे असलेच पाहिजेत: विषय क्रमांक, दोन-तीन ओळींची पार्श्वभूमी, ठरावाचा शब्दशः मजकूर, सूचक, अनुमोदक, मतांचे आकडे. मजकूर सभेतच मोठ्याने वाचून दाखवा आणि मगच मत घ्या. घरी जाऊन ठरावाला शब्द द्यायचे नाहीत. सभासदांनी ज्या वाक्यावर हात वर केला तेच वाक्य बहीत उतरलं पाहिजे.

‘सर्वानुमते’ हा शब्द जपून वापरा. एकानेही विरोध नोंदवला असेल तर तो ठराव ‘बहुमताने’ मंजूर. विरोध करणाऱ्याने आपलं नाव नोंदवायची मागणी केली तर नाव लिहायचं. उद्या त्या निर्णयाची जबाबदारी निश्चित व्हायची वेळ आली, तर त्याच्यासाठी ती नोंदच कामी येते.

पैशाचा ठराव असेल तर रक्कम अंकी आणि अक्षरी, कर धरून की वगळून, खर्च कोणत्या निधीतून, मुदत किती, अंमलबजावणी कोण करणार. यांतलं एक जरी सुटलं तरी लेखापरीक्षक विचारतो.

आयत्या वेळच्या विषयांत मोठा खर्च, शुल्कवाढ, कुणावर कारवाई असले विषय घेऊ नका. सभासद विषयपत्रिका पाहूनच यायचं की नाही ते ठरवतात. पत्रिकेत नसलेल्या विषयावर मोठा निर्णय झाला तर गैरहजर सभासदाच्या हरकतीला तुमच्याकडे उत्तर नसतं.

बही बांधीव असावी, पानांना आधीच क्रमांक घातलेले असावेत. पान फाडायचं नाही, खोडरबर किंवा पांढरी शाई लावायची नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर मजकूर आणि अध्यक्षांची आद्याक्षरी. दोन ठरावांत मोकळी जागा राहिली तर तिरकी रेघ मारून बंद करा, कारण मोकळ्या जागेत नंतर काहीही शिरू शकतं.

लिहायला बसायचं त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी. आठवडा गेला की आकडे आठवणीवर लिहिले जातात. सभेत टिपताना प्रत्येक विषयासाठी वहीचं वेगळं पान घ्या, वर ठराव क्रमांक, खाली फक्त तीन ओळी: काय, किती, कोण. बाकी मजकूर त्यावरून सहज उभा राहतो.

---

पाटीपेन्सिल

खूप नेमकं मिळालं. ‘कायम करणे’ याबद्दल शंका आहे. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करायला घेतलं आणि मला तो निर्णयच पटलेला नसेल, तर मी कायम करायला विरोध करू शकतो का? आणि कायम होईपर्यंत ठरावाची अंमलबजावणी थांबते का?

---

ठरावबही

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे.

कायम करणे म्हणजे नोंद खरी आहे एवढंच सांगणं. लिहिलं आहे तसं घडलं का, याच प्रश्नाचं उत्तर सभा देते. निर्णय योग्य होता का, हा प्रश्न तिथे नसतो. “29 नव्हे, 27 मतं पडली होती” ही हरकत चालते. “हा खर्चच नको होता” ही चालत नाही. निर्णय बदलायचा असेल तर विषयपत्रिकेत नवा विषय आणून नवा ठराव करावा लागतो. जुना ठराव बहीतून पुसला जात नाही, नव्या ठरावात त्याचा क्रमांक देऊन तो रद्द किंवा सुधारित केला असं लिहितात.

नोंदीतली चूक मान्य झाली तर जुन्या पानावर गिरवत बसू नका. चालू सभेच्या इतिवृत्तात लिहा: “मागील सभेच्या ठराव क्र. 6 मधील ‘29’ ऐवजी ‘27’ असे वाचावे, या दुरुस्तीसह मागील इतिवृत्त कायम करण्यात आले.” जुन्या पानावर समासात फक्त त्या दुरुस्तीचा संदर्भ द्या.

ठराव सभेत मंजूर झाला त्याच क्षणी अस्तित्वात येतो. वर्षाने होणाऱ्या पुढच्या वार्षिक सभेपर्यंत थांबायचं म्हटलं तर गळकी टाकी वर्षभर गळत राहील. म्हणूनच मसुदा लवकर सभासदांकडे पाठवून हरकती लेखी मागवायच्या. मुदत तुमच्या नोंदणीकृत उपविधींत दिलेली असते ती पाळा.

---

सहीशिक्का

कंपनीचं मी सांगतो. तिथे मुदती कायद्यानेच बांधलेल्या आहेत.

कंपनी अधिनियम 2013 चं कलम 118 हे इतिवृत्ताचं कलम. संचालक मंडळ, त्याच्या समित्या, सर्वसाधारण सभा, यांचं इतिवृत्त सभा संपल्यापासून 30 दिवसांत बहीत नोंदवलं गेलं पाहिजे, आणि पानांना सलग क्रमांक हवेत. मंडळाच्या सभांसाठी जे सचिवीय मानक (सेक्रेटरिअल स्टँडर्ड, म्हणजे सभा घेण्याची ठरवून दिलेली पद्धत) आहे त्यात टप्पे असे: सभेनंतर 15 दिवसांत मसुदा सर्व संचालकांना, त्यांच्या हरकती 7 दिवसांत, त्या विचारात घेऊन 30 दिवसांच्या आत बहीत नोंद. सही झालेल्या इतिवृत्ताची प्रत पुढच्या 15 दिवसांत. प्रत्येक पानावर अध्यक्षांची आद्याक्षरी किंवा सही, शेवटच्या पानावर पूर्ण सही आणि तारीख. छापलेला कागद बांधीव बहीत चिकटवणं चालत नाही. सुटी पानं वापरायची तर सलग क्रमांक घालून ठरावीक काळाने बांधून घ्यावी लागतात.

वगळायचं काय, हेही कायदा सांगतो. एखाद्याची बदनामी करणारा, विषयाला सोडून असलेला किंवा कंपनीच्या हिताला बाधक मजकूर घेऊ नये. काय घ्यायचं आणि काय वगळायचं ते अध्यक्ष ठरवतो. नियमाप्रमाणे ठेवलेलं इतिवृत्त हा त्या कामकाजाचा पुरावा मानला जातो. म्हणूनच त्यात फेरफार करणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार ते एक लाख रुपये दंड.

भागधारकाला सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त विनाशुल्क पाहता येतं आणि मागितल्यावर 7 कामकाजाच्या दिवसांत प्रत मिळते, पानाला जास्तीत जास्त 10 रुपये. संचालक मंडळाच्या सभेचं इतिवृत्त मात्र त्याच्यासाठी खुलं नसतं.

ज्याला आपण रोज ‘एमओएम’ म्हणतो, प्रोजेक्टच्या मीटिंगनंतरची ईमेल, तिला यातलं काही लागू नाही. तिचं काम एकच, ठरलेलं विसरू नये. तीन रकान्यांचा तक्ता पुरतो: काय ठरलं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. ‘कोण’ या रकान्यात एकाच माणसाचं नाव लिहा. “डेव्हलपमेंट टीम” लिहिलं की ते काम कुणाचंच नसतं. तारखेच्या जागी “लवकरात लवकर” लिहू नका. त्याच दिवशी पाठवा आणि शेवटी लिहा, “काही चुकलं असल्यास उद्या सायंकाळी 5 पर्यंत कळवावं.” म्हणजे मसुदा आणि कायम करणं या दोन पायऱ्या इथेही आल्या.

हल्ली झूम किंवा टीम्स सगळं संभाषण आपोआप लिहून देतं. ते लिप्यंतर इतिवृत्त म्हणून पाठवू नका. चाळीस मिनिटांच्या बोलण्याचे पंधरा-वीस पानं होतात आणि निर्णय त्यात सापडत नाही. शिवाय मराठी-इंग्रजी मिश्र बोलण्यात आकडे आणि नावं हमखास चुकतात. दीड लाखाचं काय होईल सांगता येत नाही. आकडा स्वतः ऐकून तपासा.

---

शुद्धाक्षरी

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही म्हणून थोडक्यात.

इंग्रजीत या अर्थाने शब्द नेहमी अनेकवचनी असतो. एका सभेचेही ‘मिनिट्स’च. मराठीत ‘मिनिट’ नपुंसकलिंगी, त्यामुळे व्याकरणाने “मिनिट्स पाठवली” व्हायला हवं. बोलण्यात मात्र “मिनिट्स पाठवले” रुळलं आहे आणि ते कानाला खटकत नाही. लेखी मजकुरात “इतिवृत्त पाठवले” लिहा, वाद मिटतो.

सामान्यरूपात मात्र काळजी घ्या. “हा मुद्दा मिनिटांत आला पाहिजे” असं लिहिलं तर वाचणारा घड्याळ बघेल. ‘मिनिट्समध्ये’ लिहा किंवा ‘इतिवृत्तात’. “एमओएम ऑफ द मीटिंग” मध्ये मीटिंग दोनदा येते. “हे मिनिट करून घ्या” या बोलीतल्या प्रयोगाला “याची इतिवृत्तात नोंद घ्या” हा सरळ पर्याय आहे.

क्रियापदांचंही बघा. “ठराव पास झाला” पेक्षा “मंजूर झाला”. “करण्यात येण्याचे ठरविण्यात आले” अशी साखळी नको, “करण्याचे ठरले” पुरतं.

---

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. सरावासाठी एक नोंद लिहून पाहिली आहे. काल्पनिक सोसायटी, 64 सभासद. तपासून द्याल का?

“पाण्याच्या टाकीच्या विषयावर बरीच चर्चा झाली. काही सभासदांनी खर्च जास्त असल्याचे सांगितले. सचिवांनी समर्पक उत्तरे दिली. शेवटी दुरुस्ती लवकरात लवकर करून घेण्याचे सर्वांनी ठरवले. अंदाजे दोन लाख खर्च येईल.”

---

ठरावबही

या नोंदीवर कंत्राटदाराला एक रुपयाही देता येणार नाही. ‘बरीच चर्चा’, ‘समर्पक’, ‘लवकरात लवकर’, ‘अंदाजे’ हे चारही शब्द काढा. ‘सर्वांनी’ लिहिलं आहे, पण दुसऱ्याच वाक्यात काहींना खर्च जास्त वाटतो आहे, मग मतं मोजली का? माझ्या हातची नोंद अशी होईल (आकडे सोयीने धरले आहेत):

“विषय क्र. 5: गच्चीवरील पाण्याच्या टाकीची गळती दुरुस्त करणे.
तीन निविदा सभेपुढे ठेवल्या. सर्वांत कमी दराची निविदा रु. 1,85,000 (अक्षरी रुपये एक लाख पंच्याऐंशी हजार), करांसह, 24 महिन्यांच्या हमीसह.
ठराव क्र. 5: वरील निविदा स्वीकारून काम कार्यादेशापासून 30 दिवसांत पूर्ण करून घ्यावे, खर्च दुरुस्ती निधीतून करावा, कार्यादेश देण्याचे व देयक तपासण्याचे अधिकार सचिव व खजिनदार यांना संयुक्तपणे देण्यात येत आहेत.
सूचक: सदनिका क्र. 304. अनुमोदक: सदनिका क्र. 112.
मतदानाच्या वेळी उपस्थित 37. बाजूने 29, विरोधात 6, तटस्थ 2.
ठराव बहुमताने मंजूर.”

प्रत्यक्ष बहीत सदनिका क्रमांकासोबत सूचक-अनुमोदकांची पूर्ण नावं घाला. आणि 29, 6 आणि 2 यांची बेरीज उपस्थितांच्या आकड्याशी जुळते का, हे सही घेण्याआधी पाहा.